पडद्यावरचे गोल

भूमितीच्या इतिहासात नोंदवायची राहून गेलेली एक अत्यंत गंभीर घटना मी आज जाहीर करत आहे. काल करडईच्या तेलाची फोडणी नाकात शिरली आणि ती आठवली. दुष्काळ सरून पेरणी तोंडावर आली होती. उमरग्याकडच्या आमच्या शेतकरी सोसायटीत नवा संगणक आला होता आणि बियाण्याच्या मागणीचा अर्ज तयार करताना मी पडद्यावर ज्वारी, करडई, हरभरा यांच्यापुढं ऐटीत निवडीचे गोल काढले होते. "आज चाललं तर मशीन ठेवू, न्हायतर परत," असं चेअरमननी बजावलं होतं. रांगेतल्या पहिल्याच मावशींनी ज्वारी सांगितली. गोलात ठिपका आला. मग करडई सांगितली, तर ज्वारीचा ठिपका गायब! "माझी ज्वारी कुठं गेली रं?" "मावशी, एकच निवडता येतं." "मग कालवणाला पाण्याची फोडणी देऊ व्हय? ज्वारीत मधी मधी करडईच्या ओळींचे पाटे न्हायत असं एक रान दाव!" चेअरमन खाकरले. घाम पुसत मी गोल काढून टाकले आणि हवं तेवढं निवडता येईल असे चौकोन केले. दोन्ही पिकांपुढं फुल्या उमटल्या आणि टिकल्या. मशीन राहिलं. आजही पडद्यावर निवडीचे गोल दिसले की मला हसू फुटतं, कारण ते चौकोन बघून मावशी तेव्हा ठसक्यात म्हणाल्या होत्या, "मग! रान कुठं गोल असतंय व्हय?"