कारल्याच्या मांडवातल्या काठ्या

मुलांनो, पुढच्या महिन्यापासून मावशी माझ्याकडे राहायला येणार आहेत, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलेलं दिसतं. धाकट्याने मला नुसतं कवटीचं चित्र पाठवलं. थोरलीने बरंच लांब लिहिलं आणि त्यात ‘पॅटर्न’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला आहे. फोनवर मला नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही दोघंही पलीकडे काहीतरी खात असता आणि मध्येच चित्र अडकतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून पाठवते आहे.

मावशी वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत, पण आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बाईला श्रीरामपुरात मावशीच म्हणतात. तुमच्या आजोबांचा खुबा मोडला आणि ते कायमचे अंथरुणाला खिळले, तेव्हा डॉक्टरांनी मावशींचं नाव सुचवलं. त्या येऊ लागल्या आणि त्याच आठवड्यात समोरच्या वहिनी वाटीभर खोबऱ्याची चटणी घेऊन आल्या. त्या चटणी घेऊन आल्या की काहीतरी सांगायचं असतं. मावशी ज्या घरी जातात तिथलं माणूस जातं, असं त्यांनी सांगितलं. मेन रोडवरच्या कापडवाल्यांची आई गेली, माझ्या शाळेचे हेडमास्तर गेले, स्टेशनजवळची एक आजी गेली. सगळ्यांकडे हीच बाई होती.

हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते जन्मभर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी विचारलं, “आणि जिथे ती नव्हती, तिथले म्हातारे सगळे जिवंत आहेत का?” मी म्हटलं, नाहीत. ते म्हणाले, “मग वहिनींचा नमुना सदोष आहे. चटणी मात्र ठेव.”

मी ही गोष्ट थोरलीला हसत हसत सांगितली आणि ती हसली नाही. तिचा अभ्यास मनाचा आणि आवड एकामागून एक खून करणाऱ्यांची. रुग्णांची सेवा करता करता त्यांना मारणारे लोक जगात होऊन गेले आहेत, हे तिने मला सांगितलं आणि वाचायला बरंच काही पाठवलं. मी पदवीला इंग्रजी घेतलं होतं आणि पुढे तेच शिकवलं, त्यामुळे वाचायची अडचण नव्हती. दुपारी तुमचे आजोबा झोपले की मी चष्मा लावून खुन्यांबद्दल वाचत बसायचे. मावशी शेजारी बसून लसूण सोलायच्या. काय वाचता म्हणून त्यांनी एकदा विचारलं. परदेशातल्या लोकांबद्दल, असं मी सांगितलं.

वाचून जे समजलं ते असं. अशा माणसांचा एकच साचा नसतो. काहींना मेलेल्याचं धन हवं असतं. काहींना कोणाचा तरी जीव आपल्या मुठीत आहे एवढंच पुरतं, बाहेरच्या जगात त्यांचं कोणी ऐकत नसतं म्हणून. काहींना गडबड उडालेली आवडते: रुग्ण अत्यवस्थ झाला, ही धावली, सगळ्यांनी शाबासकी दिली. काही स्वतःला समजावतात की आपण दया करतो आहोत. आणि बहुतेकांचे शेजारी नंतर सांगतात की माणूस शांत होता, नीटनेटका होता, वेळेवर कचरा टाकायचा.

मी मावशींना एकेक निकष लावून पाहिला. शांत म्हणावं, तर त्या मिक्सरशीसुद्धा बोलतात. शाबासकीचं म्हणाल, तर मधुमेही आजोबांची रक्तातली साखर एकदा अचानक उतरली आणि त्यांना दरदरून घाम फुटला, तेव्हा मावशींनी गल्ली गोळा केली नाही. साखर चारली, डॉक्टरांना फोन लावला आणि मग आजोबांना रागावल्या, की सकाळी पोळी पलंगाशेजारच्या खिडकीतल्या कुंडीत टाकली ती मी बघितलीय. नीटनेटकेपणाचं काय? घरात डब्यांवर नावं लिहिलेली आहेत, टॉवेल वारानुसार आहेत आणि न सांगता कोणी आलेलं चालत नाही. पण ते सगळं माझं आहे. त्या निकषांत मावशींपेक्षा मीच जास्त बसत होते. थोरलीला मी हे कळवलं. तिने लिहिलं, “आजी, तू सीरियस नाहीयेस.” मी होते.

मग एका शनिवारी मावशींना ताप आला. औषध द्यायला मी चर्चच्या मागच्या वस्तीत त्यांच्या घरी गेले. घर एका खोलीचं, पुढे वीतभर अंगण आणि अंगणात कारल्याचा मांडव. मांडव उभा होता तो काठ्यांवर. म्हाताऱ्या माणसांच्या हातातल्या काठ्यांवर. शिसवी काठी होती, बांबूची होती, चार पायांची ॲल्युमिनियमची होती. त्यात पितळी मुठीची एक काठी मी लांबूनच ओळखली. हेडमास्तर ती काठी माझ्याकडे रोखून वेळापत्रकाबद्दल बोलायचे. आता तिच्या मुठीवरून दोन कोवळी कारली लोंबत होती.

मी विचारलं, या कुठून आल्या. मावशी पांघरुणातूनच म्हणाल्या, “लोकंच देत्यात, बाई. गेलेल्या मानसाची काठी घरात नगं म्हनत्यात. टाकून तरी कशी देऊ?”

हे तुम्हाला तिकडे कळणं कठीण आहे. आमच्याकडे तेराव्याला छत्री, चपला आणि काठी दान देतात. पण गुरुजींना नवी काठी द्यावी लागते. जुनी, हाताच्या घामाने काळी पडलेली, कोणालाच नको असते. मुलगा परगावी परत जायच्या गडबडीत असतो. सुनेला ती दाराआड दिसली की दचकायला होतं. मग जिने सेवा केली तिच्या हातात साडीबरोबर ती काठीही देतात आणि आपण फार चांगलं काम केलं अशा चेहऱ्याने आत जातात.

मी घरी आले आणि जे पाहिलं ते थोरलीला फोनवर सांगितलं. मांडवापर्यंत तिने ऐकून घेतलं. पुढचं ऐकलंच नाही. ती म्हणाली, “ट्रॉफीज, आजी. ते लोक प्रत्येकाची एकेक वस्तू जपून ठेवतात.” संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. उद्यापासून ती बाई नको, पुण्याच्या एजन्सीकडून गणवेशातला माणूस येईल, त्याची पोलिस पडताळणी झालेली असेल. मला ऐकायला कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर होता आणि तुमचे आजोबा त्याच खोलीत पलंगावर होते. खुब्याने त्यांचे पाय गेले होते, कान नव्हे.

इथे एक सांगायला हवं. कूस बदलताना तुमचे आजोबा ओरडायचे. माझ्या हातून ओरडायचे, डॉक्टरांच्या माणसाच्या हातून ओरडायचे. मावशी त्यांच्याशी भांडण काढायच्या, कारखाना कोणामुळे बुडाला यावर, आणि ते उत्तर देण्याच्या नादात असेपर्यंत त्यांची कूस बदललेली असायची. पुण्याच्या माणसाला आमच्या कारखान्याचं काही माहीत असण्याची शक्यता नव्हती. मावशी गेल्या असत्या तर आजोबांचे उरलेले दिवस ओरडण्यात गेले असते.

त्या रात्री आजोबांनी माझ्याकडे खुंटीवरची आपली काठी मागितली. ते पडल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. मी ती पुसून दिली. दुसऱ्या दिवशी ताप उतरलेल्या मावशी दूध घेऊन आल्या, तेव्हा आजोबांनी ती काठी पुढे केली.

“मावशी, ही आत्ताच न्या. म्हणजे मला मारायचं कारण उरणार नाही.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग मला सगळंच सांगावं लागलं, थोरलीचं वाचन, पुण्याचा माणूस, सगळं. त्या ऐकत असताना काठीचं झिजलेलं रबर अंगठ्याने दाबून बघत होत्या. मग म्हणाल्या, “साहेब, तुमाला मारलं तर दुसऱ्या दिवशी मी घरीच बसनार. म्हातारं टिकलं तर माझी चूल पेटती.”

“हा मुद्दा बरोबर आहे,” तुमचे आजोबा म्हणाले. “पण दूध आधी तुम्ही प्या.”

मावशी एक घोट प्यायल्या आणि तोंड वाकडं केलं. “ह्यात साखर न्हाई.”

“माझ्या आयुष्यात नाही,” ते म्हणाले आणि बाकीचं प्यायले.

तुमच्या बाबांना मी कळवलं की माणूस पाठवू नये. त्यानंतर दूध रोज आधी मावशी चाखायच्या. काठी त्यांनी नेली आणि मांडवाच्या वाऱ्याकडच्या बाजूला लावली. तिथे आधार कमी पडत होता, म्हणाल्या.

तुमचे आजोबा गेले तो रविवार होता. मावशी चर्चला गेल्या होत्या. मी आजोबांना पेपर वाचून दाखवत होते, धरणातून पाणी सोडण्याची बातमी, आणि पान उलटेपर्यंत ते गेलेले होते. दार लावलेलं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. थोरली ज्या भाषेत लिहिते त्या भाषेत, मयताबरोबर शेवटी असलेली व्यक्ती मी. शिवाय औषधं माझ्या ताब्यात आणि घर माझ्या नावावर होणार. डॉक्टर आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाखला लिहून दिला. मला कोणीही काहीही विचारलं नाही.

मावशी चर्चमधून आल्या त्या पांढऱ्या साडीत, हातात पुस्तक. ओटीवर गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. मावशींनी चपला काढल्या तशा समोरच्या वहिनी शेजारणीला हळू आवाजात म्हणाल्या, “घेतला आणखी एक.” मावशी उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

मी आतून बाहेर आले. “त्या नव्हत्या, वहिनी. मी होते. घरात मी एकटीच होते.”

“अहो, तुमचं कोण म्हणतंय,” वहिनी म्हणाल्या.

“तेच विचारते आहे. माझं का कोणी म्हणत नाही?”

वहिनींनी सरकून मला बसायला जागा करून दिली. मी मावशींना हाताला धरून आत नेलं आणि तुमच्या आजोबांना शेवटची आंघोळ घालायला त्या उभ्या राहिल्या. कूस बदलताना त्यांनी कारखान्याचं काहीतरी काढलं. सवयीने.

तरीही बोलणं फिरायचं ते फिरलंच. त्यानंतर मावशींना कोणी काम दिलं नाही. डॉक्टरही नाव सुचवताना अडखळू लागले. म्हणून मी त्यांना माझ्याकडे राहायला बोलावलं. मी चालती-फिरती आहे, मला तशी गरज नाही, हे तुमच्या बाबांचं म्हणणं खरं आहे. पण मी जितकी वर्षं टिकेन तितकी वर्षं वहिनींना रोज सकाळी समोरच्या ओटीवर मला जिवंत बघावं लागेल. याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

थोरलीने मागितलेली पोलिस पडताळणी मी करून घेतली. मावशींना सांगितलं की त्यांनाही माझी करून घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी, कारण शेवटच्या प्रकरणात संशयित मी आहे. त्यांनी विचार करून सांगते म्हटलं.

काल त्या कारली घेऊन आल्या होत्या, आजोबांच्या काठीवरची. चांगली कडू होती. डॉक्टरांनी मलाही आता बाहेर जाताना काठी वापरायला सांगितलं आहे. दुकानात बरेच प्रकार मिळतात, पण मी मावशींना बरोबर घेऊन जाणार आहे. पुढे मांडवाला कोणती उपयोगी पडेल, ते त्यांनीच बघितलेलं बरं.