अकरा खिशांची बंडी

मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीची रांग माझ्यामुळे खोळंबली होती. कारण आईने शिवलेली बंडी. शाळेच्या गणवेशाचं उरलेलं खाकी कापड, दुहेरी टीप, आणि आत-बाहेर मिळून अकरा खिसे. परगावी निघणाऱ्याच्या कपड्याला चोरखिसा हवाच, हा आमच्या सांगलीच्या घरचा नियम. ऑस्ट्रेलिया फारच लांब म्हणून आईने एकाचे अकरा केले. पासपोर्टला एक, तिकिटाला एक, मग सुपारीला, ओव्याला, अंगाऱ्याच्या पुडीला, सेफ्टी पिनांना. छातीवर घोंगडीचा चार बोटं तुकडा शिवलेला, त्यात दोरा ओवलेल्या दोन सुया टोचलेल्या. तपासणीवाला एकेक खिसा रिकामा करत गेला आणि ट्रे भरत गेला. शेवटी त्याने छोटी कात्री तेवढी काढून घेतली आणि आईने शिवलंय का, असं विचारलं. मागचे लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ब्रिस्बेनला उतरल्यावर ती बंडी बॅगेच्या तळाशी गेली ती गेलीच. आई फोनवर विचारायची, घालतोस ना? मी बेधडक सांगायचो, रोज. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून आले त्यांना हे खोटं नवं नाही. आणि जे मागे राहिलात, त्यांनी आता वाचलंच आहे, तर रागावू नका.

माझे वडील, आप्पा, गेले ते कोविडच्या आधीच्या हिवाळ्यात. मी पोचलो, दिवस-कार्य केलं, आईला उन्हाळ्यात येतो म्हणून सांगितलं आणि परतलो. उन्हाळ्याआधीच सीमा बंद झाल्या. आई घरात एकटी. चाळीस वर्षं गल्लीतल्या पोरांचे गणवेश शिवणारी बाई, पण आप्पा गेल्यापासून तिने मशीनवरची चादर काढली नव्हती. व्हिडिओ कॉल लावला की फोन गादीवर ठेवायची, मला पंखा दिसायचा. जेवलीस का? हं. औषध घेतलंस? हं. शेजारच्या काकू सांगायच्या, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, अर्धी पोळीसुद्धा जात नाही. दहा हजार किलोमीटरवरून मी काय करणार? नुसता जीव जळायचा.

ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये आमच्या शेजारी ग्रॅहम राहतो. रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, सत्तरीचा. वर्क फ्रॉम होममध्ये माझं तोंड रोज कुंपणावरून बघून बघून बहुधा त्यालाच कंटाळा आला. पन्नास किलोमीटरपर्यंत फिरायला परवानगी मिळाली त्या शनिवारी तो म्हणाला, चल, खाडीवर, फ्लाय फिशिंगला. आपापल्या गाडीने. रॉड नऊ फुटी, त्यामुळे सोशल डिस्टन्सिंगची चिंता नको.

या प्रकारात आमिष म्हणून किडा-कोळंबी लावत नाहीत. हुकावर पिसं आणि केस दोऱ्याने बांधून इवलासा खोटा मासा करतात, त्याला म्हणायचं फ्लाय, आणि कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभं राहून तो लांब फेकायचा. पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, कारण वाळूत शेपटीला विषारी काटा असलेला स्टिंगरे बसलेला असतो. फ्लॅटहेड नावाचा चपट्या डोक्याचा मासा तळाशी वाळूत दडी मारून असतो, तो फसला तर फसला. पहिले तीन शनिवार माझ्या हुकाने फक्त माझी टोपी पकडली.

ग्रॅहमच्या अंगावर मात्र जामानिमा बघावा. उन्हाने विटलेला लांब बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, मानेभोवती कापडी नळी, आणि वर खिसेच खिसे असलेलं बिनबाह्यांचं जाकीट. तो म्हणाला, असं जाकीट पाहिजेच, पाण्यात सामान ठेवणार कुठे? त्याच्या छातीवर मेंढीच्या कातड्याचा तुकडा होता, ओल्या फ्लाय वाळत टोचून ठेवायला. मी तो तुकडा बघतच राहिलो. घरी येऊन माळ्यावरची बॅग उपसली.

पुढच्या शनिवारी मी आईची बंडी घालून पाण्यात उभा. पोटावर जरा ताणली, ते सोडा. अकराच्या अकरा खिसे कामाला आले, आणि घोंगडीवर फ्लाय अशा बसल्या की ग्रॅहमने जवळ येऊन, म्हणजे दीड मीटरवर येऊन, विचारलं, तुझी आई मासे धरते का?

तिसऱ्या खेपेला कालवांच्या खडकाला घासून बंडीचा खालचा खिसा फाटला. मी घरी आणून शिवला. घोंगडीतल्या सुया होत्या, पण त्यांतला दोरा कुजलेला, म्हणून मासेमारीची नायलॉनची तार वापरली आणि धावदोरा घालून टाकला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पोटी जन्मून असलं काम करणारा मी एकटाच असेन.

एका रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, खाडीवरून आलो, बंडी अंगातच होती, तसाच आईला कॉल लावला. नेहमीचा पंखा. नेहमीचं हं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने फोन उचलून तोंडासमोर धरला.

"अंगात काय आहे ते?" आई म्हणाली.

मी सांगितलं, तुझी बंडी, मासे धरायला घालतो. ती डोळे बारीक करून बघत होती.

"जवळ धर. खाली. हा टाका कुणी घातला?"

"मी."

"तुझ्या बापानेसुद्धा असा टाका घातला नसता. सुन्या, लाज नाही वाटत? धर फोन तसाच."

आप्पा गेल्यापासून त्यांचा विषय तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. आणि मला शिव्या पडत होत्या, खणखणीत, जुन्या आवाजात. ती उठली. चष्म्याचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग चादर झटकल्याचा. फोन मशीनला टेकवून तिने फडक्याच्या तुकड्यावर मला उलटी टीप शिकवली. चुकलो की उसव म्हणायची. पाऊण तास. माझी मुलगी इरा मागून डोकावून म्हणाली, "आजी इज बॅक." मला रडू कोसळलं. आई म्हणाली, रडायला काय झालं, सुई टोचली का?

त्यानंतर ती मासेमारीच्या चौकशा करायला लागली. धरलेला मासा सरकारी मापात बसला नाही तर परत सोडतो म्हटल्यावर वैतागली, मग गेलास कशाला? ग्रॅहमने, त्याचं जुनं जाकीट चांगलं धड असताना, तशीच बंडी मागितली. आईने माझ्या मध्यस्थीने त्याची मापं घेतली. छाती, खांदा, मग विचारलं, पोट आत ओढून की सोडून? ग्रॅहमने अर्धा मिनिट विचार करून सांगितलं, सोडून. काकूंचा मेसेज आला, मशीनच्या आवाजाने दुपारची झोप होत नाही, पण बाई दोन पोळ्या खाते.

पार्सलं सुरू झाल्यावर दोन बंड्या आल्या. ग्रॅहमची त्याने अंगात घातली ती संध्याकाळपर्यंत काढली नाही. माझ्या बंडीला बारा खिसे. बारावा, आतल्या बाजूला डाव्या छातीवर, चारी बाजूंनी शिवून बंद केलेला. मी फोन केला, तर म्हणाली, "तो उसवायचा नाही. तू आलास की मी उसवीन."

दीड वर्ष मी तो खिसा घेऊन खाडीत उभा राहिलो. चाचपून बघायचो, हाताला काही लागायचं नाही. ग्रॅहम म्हणायचा, पत्र असेल. मला वाटायचं अंगारा. याच काळात पंचावन्न सेंटीमीटरचा फ्लॅटहेड धरला, मापात बसत होता तरी सोडला, आणि आईला सांगितलं नाही.

सीमा उघडल्यावर गेलो. दारातच तिने बंडी काढायला लावली, चष्मा चढवला आणि ब्लेडने एकेक टाका उसवला. आत काहीच नव्हतं.

"रिकामाच होता रे," आई म्हणाली. "पण आलास ना?"

इथले लोक विचारतात, घर कुठे? मी स्प्रिंगफील्ड लेक्स सांगतो, ते खोटं नाही. तीन आठवड्यांनी निघायच्या सकाळी मी मशीनवरची चादर काढली, बंडी आईच्या हातात दिली आणि तो खिसा पुन्हा शिवून घेतला.