मोवईची साल आणि आईच्या गोळ्या

एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षी, मोवईच्या झाडाच्या सालीचा अर्क पोटातल्या अल्सरवर चालतो का, हा माझा विषय होता. मीच तो मागून घेतला होता. दरेकशाच्या जंगलात राबणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने मला ती साल दाखवली होती. पोटात आग पडली की त्यांच्या घरी हीच उकळून पितात, असं ती म्हणाली. माझ्या आईला अल्सर होता. मला दुसरा विषय सुचलाच नाही.

गोंदियातल्या आमच्या कॉलेजात उंदरांच्या खोलीला खिडकी नव्हती. उंदरांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं. सकाळी नळीने अर्क पाजायचा, तासाभराने अल्सर व्हावा म्हणून अल्कोहोल, आणखी तासाभराने मारून पोट उघडायचं. पहिल्या गटाची जठरं मी धुऊन भिंगाखाली धरली. अर्काऐवजी नुसतं पाणी पाजलेल्यांत होते तसेच लाल चट्टे. मात्रा दुप्पट केलेल्यांतही तेच.

माझ्या मार्गदर्शक सरांनी ऐकून घेतलं. विषय आता बदलता येणार नाही, मंजुरी याच झाडाची आहे, राहिलेला गट पूर्ण करावाच लागेल, आणि जे निघेल तेच लिहायचं, असं ते म्हणाले. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. म्हणजे काय होणार ते माहीत असूनही मला ती खोली सोडता येत नव्हती.

त्या रविवारी तिरोड्याजवळच्या आमच्या गावी गेले. आईच्या अल्सरच्या गोळ्यांचं पाकीट तसंच भरलेलं होतं. मी घरी वाळत घातलेली साल चुलीवर उकळत होती.

"गोळ्या काऊन बंद केल्या?" मी विचारलं.

"तू औषध बनवून राहिलीस ना?" आई म्हणाली. "मंग दुसऱ्याचं कायले खाऊ?"

शेजारच्या दोघीजणीही साल घेऊन गेल्या होत्या. आई जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत भाताची रोवणी करत आली होती, आणि आता बायका तिच्याकडे औषध मागायला येत होत्या. तपासणी अजून संपली नाही, तोवर गोळ्या घे, एवढंच मी बोलले. खोटं नव्हतं ते. ती हो म्हणाली. मी बस पकडली.

गुरुवारी बाबांचा फोन आला. आईला काळी संडास झाली होती, चक्कर येऊन ती पडली होती. अल्सरमधून रक्त गेलं होतं; मी पोचले तेव्हा दवाखान्यात तिला रक्त चढत होतं. गोळ्या कधीपासून बंद आहेत, असं डॉक्टर विचारत होते. माझी मुलगी औषध बनवते, असं ती त्यांना सांगत होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"आई, त्या सालीनं काईच होत नाही," मी म्हणाले. "मी पायलं."

"तुनं कवा पायलं?"

"रविवारच्या आधी."

तिने बाबांकडे पाणी मागितलं. मी जवळ होते, तांब्याही माझ्याच हाताशी होता.

ती वाचली. मी शेजारच्या घरी जाऊन साल परत मागितली. एकीने दिली, दुसरी म्हणाली, मले तर बरं वाटते. मग मी गोंदियाला परतले आणि राहिलेला गट पूर्ण केला. चट्टे तेवढेच निघाले. तसंच लिहिलं, तसंच सरांनी मान्य केलं, मी पासही झाले.

आई आता गोळ्या वेळेवर घेते. माझं काम कसं चाललंय, हे तिने त्यानंतर कधी विचारलेलं नाही.