ओपलकाकूचं मैदान

व्हर्लिनकाकाच्या शवपेटीत त्याच्या मित्रांनी खेळातला एक पत्ता ठेवला. बेसबॉलच्या एका पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा पत्ता, काकाच्या कोटाच्या वरच्या खिशात. ओपलकाकूला कुणी विचारलं नाही. सप्टेंबर होता, मोसम संपायला दोन रविवार उरले होते, आणि त्या पिचरच्या वाट्याला अजून तीन सामने होते. काकू शवपेटीशी वाकली, तिने खिसा पाहिला आणि सरळ झाली. लोकांना वाटलं, हुंदका आवरला.

सीडर रॅपिड्समधल्या आमच्या बोलिंग अ‍ॅलीच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं दर रविवारी आठ माणसं बेसबॉल खेळत होती. टेबलावर, फाशांनी. प्रत्येक खऱ्या खेळाडूचा एक पत्ता, त्यावर त्याच्या मागच्या वर्षीच्या कामगिरीवरून काढलेले आकडे. मार्चमध्ये जुने हवे ते खेळाडू ठेवून बाकीच्यांचा लिलाव, एप्रिलपासून सामने. शिवाय प्रत्येक संघमालकाने देशातलं एक खरं मैदान आपलं म्हणून निवडायचं. निम्मे सामने तिथेच. चेंडू उंच उडून कुंपणाकडे गेला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मैदान डेन्व्हरचं असेल तर सोळापर्यंत काहीही पडो, होमरन, चेंडू कुंपणापार. सॅन डिएगोचं असेल तर तीनपर्यंतच. तिथली हवा जड, कुंपण लांब. चेंडू वर जातो, रेंगाळतो आणि कुणाच्यातरी हातात पडतो.

काकाचं मैदान सॅन डिएगो होतं. बावीस वर्षांत त्याने सात वेळा चषक जिंकला. त्या खोलीत त्याला प्रोफेसर म्हणत. काका छपाईच्या कारखान्यात शाई भरायचा आणि आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्याला टक्केवारी काढता येत नव्हती.

आकडे काकूचे होते. ती धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत बसायची. भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन लिहायचं, रिकामा होऊन परतला की पुन्हा लिहायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. उरेल तो मका. एकतीस वर्षं तिने हेच केलं. एका हिवाळ्यात काका पत्ते पसरून बसला होता, तेव्हा ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "या माणसाचे चाळीस होमरन आहेत म्हणतोस, पण त्यातलं मैदान किती आणि माणूस किती?"

तिथून सुरू झालं. तिने वह्या केल्या. प्रत्येक फटकेबाजाच्या आकड्यातून त्याचं मैदान वजा करायचं, मग उरलेल्या माणसावर आपलं मैदान चढवून बघायचं. ज्या पिचरांच्या चेंडूवर उंच फटके बसतात, त्यांना लिलावात कुणी हात लावत नसे. काकूने तेच गोळा केले. सॅन डिएगोत उंच फटका म्हणजे झेल. पाठीमागे झेल घ्यायला फक्त पळणारी माणसं उभी करायची. लिलावाच्या सकाळी ती काकाच्या खिशात चिठ्ठी घालायची: कोण, कितीपर्यंत, आणि कुणावर चुकूनही बोली लावायची नाही. मग खसखशीचे कोलाच, म्हणजे गोड पाव, भाजून डब्यात भरून द्यायची. मी तेव्हापासून अ‍ॅलीच्या काउंटरवर बुटांचे जोड देते. खोलीतून ओरडा ऐकू यायचा, "अरे प्रोफेसर, हा भंगार माल कशाला उचलतोस?" आणि सप्टेंबरमध्ये, "च्यायला, पुन्हा जिंकला."

एकदा तिने काकाला माझ्यासमोरच म्हटलं होतं, "कधीतरी सांग ना त्यांना."

"सांगीन की," काका म्हणाला. "हसतील गं मला. आणि तुला कुठे हौस आहे तिथे त्या सिगारच्या धुरात बसायची?"

तिला होती. त्याने कधी विचारलं नाही.

अंत्यविधीनंतर महिनाभराने काकूने मर्ल झारडनिककडे काकाची जागा मागितली. मर्ल हा त्या आठजणांच्या मंडळाचा प्रमुख, काकाचा शाळेपासूनचा मित्र, केसाळ हातांचा, मवाळ आवाजाचा. त्याचे डोळे भरून आले. "ओपल, अगं मागायचं काय त्यात? त्याच्या आठवणीसाठी तू तिथे बसलीस तर आम्हांला केवढा आधार."

"मला खेळायचंय, मर्ल."

"हो, हो. जमेल तसं. आम्ही सांगू ना तुला."

त्या हिवाळ्यात तिने मला एकच गोष्ट समजावली. काकाचाच संघ घेऊन ती जिंकली, तर व्हर्लिनने ठेवलेला संघ जिंकला म्हणतील. हरली, तर व्हर्लिन नाही म्हणून हरली म्हणतील. तेव्हा संघच उभा-आडवा बदलायचा. सॅन डिएगो सोडून डेन्व्हर घ्यायचं. उंच मारणारे फटकेबाज घ्यायचे, आणि पिचर असे, की ज्यांच्या चेंडूवर फटका जमिनीलगतच जातो. जमिनीवरून घरंगळणाऱ्या चेंडूला हवा पातळ असो की जाड, काय फरक पडतो? तिने नवी वही केली. मी तिला इतकी तरतरीत कधी पाहिली नव्हती. जेवताना काटा हातात धरूनच ती आकडे सांगायची.

मैदान बदलायचं तर लिलावाच्या दिवशी चिठ्ठी द्यायची आणि बाकीच्यांनी हात वर करायचे, असा नियम होता. बावीस वर्षांत चिठ्ठी कधी नाकारली गेली नव्हती. मर्लनेच चार मैदानं बदलली होती. चिठ्ठ्या दुपारच्या जेवणानंतर वाचत, लिलाव सकाळीच संपे. काकूने हिवाळ्यात आपले उंच चेंडूवाले पिचर एकेक करून देऊन टाकले आणि त्या सकाळी तिला हवे ते सगळे फटकेबाज घेतले. खोलीतले एकमेकांकडे बघत होते.

"ओपल, जरा सांभाळून," ड्वाइट कोनेच्नी म्हणाला. "व्हर्लिनने याला चिमट्यानेही धरलं नसतं."

"माहितीय मला, व्हर्लिनने काय केलं असतं ते," काकू म्हणाली.

जेवणानंतर मर्लने तिची चिठ्ठी उघडली. वाचून चष्मा काढला. त्या दिवशी कोलाच मी आत नेले होते, ताट घेऊन तशीच उभी राहिले.

"डेन्व्हर," मर्ल म्हणाला. "ओपल, तू दुःखात आहेस. मी समजू शकतो."

"मी दुःखात नाही. म्हणजे आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही."

"सॅन डिएगो व्हर्लिनचं मैदान आहे. बावीस वर्षं. तिथे दुसरं काही लिहायला माझा हात होणार नाही." त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "मी तर म्हणतो, ते मैदान कायमचं त्याच्या नावाने ठेवूया. जोवर तुझ्याकडे हा संघ आहे, तोवर हलवायचं नाही."

"मर्ल, माझा सगळा संघ डेन्व्हरसाठी आहे. आज सकाळी घेतलाय."

"अगं, सामने काय, होतील. ही सन्मानाची गोष्ट आहे."

एकही हात तिच्या बाजूने वर झाला नाही. ड्वाइट तर रुमालाने डोळे पुसत होता. त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात कपट नव्हतं. असतं तर तिला भांडता आलं असतं.

एप्रिल ते सप्टेंबर मी काउंटरवरून ऐकत होते. काकूचे फटकेबाज उंच मारायचे, वीस बाजूंचा फासा घरंगळायचा, आणि कुणीतरी हळूच म्हणायचं, "झेल." एवढ्या हळू ते एकमेकांशी बोलत नसत. जमिनीलगतच्या पिचरांना त्या मैदानाचा काडीचा उपयोग नव्हता. ती आठांत आठवी आली. एकशे बासष्टपैकी एक्कावन्न सामने जिंकली. शेवटच्या रविवारी त्यांनी उभं राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

ऑक्टोबरमध्ये मर्ल घरी आला. मीही तिथेच होते. खोलीत काचेचं कपाट करायचं ठरलं होतं, त्यात काकाची टोपी, चषकांचे फोटो आणि त्याच्या वह्या ठेवायच्या होत्या.

"वह्या माझ्या आहेत," काकू म्हणाली.

"अर्थात. त्याचं जे काही होतं ते सगळं आता तुझंच."

"तसं नाही. मी लिहिल्यात. आकडे मी काढलेत. चषकाच्या सातही वर्षांचे."

मर्लने एक वही उघडून पाहिली. "अक्षर तुझंच आहे. किती नीट उतरवून घ्यायचीस त्याचं."

काकूने खुर्ची ओढली. "तुझा पहिला फटकेबाज, तो शिकागोवाला. अडतीस होमरन. त्यातले बारा शिकागोच्या मैदानाचे आहेत. तुझ्या मैदानावर तो या वर्षी पंचविशीच्या आसपास थांबला. बरोबर?"

"चोवीस," मर्ल म्हणाला.

"त्याला सोड. तुझा तिसऱ्या क्रमांकाचा पिचर वाईट नाही, तू त्याला चुकीच्या मैदानावर उभा केलायस. मार्चमध्ये त्याला कुणीही फुकट घेईल आणि तुलाच हरवेल."

मर्लने वहीवरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, कळलं त्याला. मग त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "हुबेहूब व्हर्लिन," तो म्हणाला. "बत्तीस वर्षं एका छपराखाली राहिलं की माणूस किती शिकतो बघ."

काकू उठली. आतून पत्त्यांची पेटी आणून तिने त्याच्यासमोर ठेवली, आणि त्याच्या हातातली वही काढून घेतली.

"रागावलीस का?" मर्लने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"पुढच्या वर्षी मी येत नाही," ती म्हणाली.

मार्चमध्ये तो संघ ड्वाइटच्या जावयाला मिळाला. लिलावाच्या दिवशी त्याने चिठ्ठी दिली, मैदान डेन्व्हर. नवा माणूस आहे, त्याच्या मनासारखं मैदान त्याला मिळायलाच हवं, असं मर्ल म्हणाला आणि सगळे हात वर झाले. मी जेवणानंतरची ताटं उचलायला आत गेले होते; हातातलं ताट खाली ठेवून बाहेर आले.

संध्याकाळी काकूला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सालीची लांब पट्टी तुटू न देता तिने विचारलं, "पिचर कोणते घेतले त्याने?"

मी नावं सांगितली.

"सगळे उंच चेंडूवाले," ती म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

सप्टेंबरमध्ये तो आठवा आला. तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.