हळदीचा भात आणि पाच मेंढ्या

"हा भात लॅबला नाय, डॉक्टर. पोलीस स्टेशनला नेतो!" दामूशेठ टोप उचलून निघालेच होते. मी मेलेल्या मेंढीचं पोट उघडून बसलो होतो. म्हटलं, "दहा मिनिटं थांबा."

मी जनावरांचा डॉक्टर. राहतो नौपाड्यात, कामाची गावं कल्याणच्या पलीकडे. दामूशेठचं बंदिस्त मेंढीपालन होतं. म्हणजे चरायला सोडायचं नाही, शेडमध्येच खायला घालायचं. चाळीस मेंढ्या, त्यातल्या पाच एका रात्रीत गेल्या.

संशय चुलतभावावर, रमाकांतवर. शेताच्या बांधावरून त्याच्याशी बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. परवा रमाकांतच्या मुलाची हळद झाली. दामूशेठ आपणहून गेले, दोघं गळ्यात पडून रडले. काल रमाकांतनं उरलेला भात मेंढ्यांसाठी पाठवला. आज हे.

"गोड बोलून इख घातला त्यानी!"

"याच टोपातलं आणखी कुणी खाल्लं?"

"कोंबड्यांनी. कुत्र्यानी पन."

कुत्रा माझ्या पिशवीत तोंड घालत होता.

मेलेल्या पाचही सगळ्यात धष्टपुष्ट होत्या. विष असं निवडून मारत नाही. गव्हाण जेमतेम वीस मेंढ्यांची. दांडग्या पुढे घुसल्या, जास्त त्यांनीच खाल्लं. पोटात भात गच्च, मूत्रपिंडं लिबलिबीत. माझा अंदाज आंत्रविषाराचा. त्याचे जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोडे असतात. सवय नसताना भात, धान्य भरपूर मिळालं की ते झपाट्यानं वाढतात आणि विष तयार करतात.

"लसीचा दुसरा डोस दिलात?"

"नाय. भायेर जातातच कुठं? रोग यायचा कुठून?"

"तो आतच होता, शेठ."

"मंजे भातानीच मेल्या ना? भात त्याचाच!"

"भात त्याचा. पण एकदम टोपभर ओतला कुणी?"

त्यांनी टोप खाली ठेवला. मला वाईट वाटलं. म्हटलं, "त्याला ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. दोघांनी लाडच केले."

भात बंद केला, सुकं गवत सुरू केलं, उरलेल्यांना लस टोचली. लस लगेच काम करत नाही, हेही सांगितलं.

रमाकांत कुंपणाबाहेर उभा होता. आत यायचा धीर नव्हता. दामूशेठनी कुंपणावरून फावडं पुढे केलं.

"उबा काय ऱ्हायलास? फावडा घे. खड्डा खोल पायजे, डॉक्टर बोलतो."

दोघांनी मिळून खड्डा खणला, मेंढ्या पुरल्या, वर चुना टाकला. संध्याकाळी आणखी एक गेली. चौतीस वाचल्या. लॅबचा रिपोर्टही पुढे आंत्रविषाराचाच आला.

बंदिस्त मेंढीचं खाणं हळूहळू बदलायचं असतं, गव्हाण सगळ्यांना पुरावी लागते, लस अर्धी सोडून चालत नाही. हे पुस्तकात आहे. मी आता पशुपालकाला लसीची तारीख विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न: भावकीत लग्न कधी आहे?