मलकापूरला ठेवलेली गाडी

पुण्याहून सांगलीला निघालो तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. सासऱ्यांच्या कमरेचं हाड मोडलेलं. एसटीचे धक्के त्यांना सोसणार नव्हते, म्हणून त्यांना आमच्याकडे आणायला मी माझी जुनी मोटार काढली. शेजारी पत्नी सुधा, मागच्या सीटवर त्यांच्यासाठी कापसाची गादी.

खंबाटकीच्या चढावर गाडी कण्हू लागली. एक भरलेला मालट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकून गेला.

“पूर्वी इतकी रडत नव्हती,” सुधा म्हणाली. “आणि मागे धूर बघा किती!”

“चढ आहे,” मी म्हणालो. दोन महिने दर आठवड्याला ऑइल घालत होतो, हे तिला सांगितलं नव्हतं.

साताऱ्यात चहा झाला, कंदी पेढे बांधून घेतले. पुढे दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, वारा गार. पण कऱ्हाडजवळ मलकापूरला ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकला आणि मी गाडी एका चिंचेखालच्या गॅरेजकडे वळवली.

गॅरेजचे मालक इस्माईलभाई पन्नाशीचे, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये शिकलेले. त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं; ते काळं, तेलकट झालं. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला. आतून फसफस गरम वाफ येत होती.

“धूर काळा असता तर गोष्ट वायली (वेगळी). ह्यो निळा हाय. तेल जळतंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, साहेब. कवापासनं तेल घालताय?”

सुधा माझ्याकडे पाहत होती.

“दोन महिने झाले,” मी म्हणालो. “सांगली गाठेल ना?”

“जाताना गाठंल बी. येताना कोण बसणार?”

सुधाने वडिलांचं सांगितलं.

“मग न्हाई. घाटात इंजिन जाम झालं, तर आजारी माणसाला कुठं उतरवणार? ठेवून जावा. चार दिस द्या मला.”

मी किल्ली दिली. त्यांच्या घरच्यांनी आम्हाला उपाशी जाऊ दिलं नाही. भाकरी आणि माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) वाढलं.

एसटीने इस्लामपूर मागे टाकलं. सुधा म्हणाली, “सांगितलं असतंत तर मी काय गाडी मोडीत घाला म्हटलं असतं?”

पाचव्या दिवशी मी एकटाच मलकापूरला आलो. इस्माईलभाईंनी जुन्या रिंगा माझ्या हातावर ठेवल्या. कडा पात्यासारख्या झालेल्या, एकीचे तर दोन तुकडे.

“लय येळेवर आलासा. आता नव्या रिंगा बसूस्तवर जोरात पळवू नका.”

सांगलीहून सासऱ्यांना घेऊन निघालो. गाडी दोन महिने सांगत होती, आणि मी ऑइल ओतून तिचं तोंड बंद करत होतो. वाटभर हेच मनात येत राहिलं. सासऱ्यांना साताऱ्यापुढे झोप लागली. खंबाटकी सावकाश चढलो. सुधा मागे वळून बघत होती, धूर नव्हता.

शिरवळला चहासाठी थांबलो, तेव्हा सासरे जागे झाले.

“घाट लागायच्या आधी मला धरून बस हं, सुधा. हिसके सोसायचे नाहीत.”

“नाना,” सुधा त्यांच्या अंगावरची शाल सारखी करत म्हणाली, “घाट केव्हाच मागे पडला.”