काकांचा ओटा

आमच्या काकांना ‘नाही’ म्हणता येत नसे. भाजीवालीने किडकी वांगी पुढे केली तरी “दे दो, चलेगा” म्हणत आणि घरी येऊन काकूंची बोलणी मुकाट्याने खात. काकू गेल्यावर त्यांना बोलायला घरात पुतण्या म्हणून मीच उरलो, आणि ते काम मी नेटाने केलं.

झाशीत लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या जुन्या घराला रस्त्याच्या अंगाने दगडी ओटा होता. सकाळी आंघोळ उरकून काका तिथे बसले की त्यांचा दरबार भरे. बड्या बाजारात दुकान उघडायला निघालेला अत्तरवाला, निवृत्त मास्तर, हातगाडी थांबवून दम खाणारा केळीवाला. “बैठो भैया, जल्दी किस बात की?” एवढं काका म्हणत, की माणूस टेकलाच.

घर नवं करायचं ठरलं तेव्हा मी नुकतीच गाडी घेतली होती. ओटा काढला तर ती आत लागणार होती. काकांना विचारलं. “काढ की! नवी गाडी आहे, आत हवीच,” ते म्हणाले. ज्याच्या तोंडून जन्मात नकार ऐकला नाही, त्याच्या होकारावर किती विसंबायचं, एवढी अक्कल मला हवी होती.

काम चाललं तेवढे महिने काका खुशीत होते. दरबार वाळूच्या ढिगावर भरे. मिस्त्रीही थापी ठेवून त्यात बसे, आणि मी चिडचिड करत फिरे.

ओट्याच्या बदल्यात मी त्यांना पुढची खोली सजवून दिली. पांढरीशुभ्र फरशी, सोफा. एकदा मास्तर आले आणि दारातच आपल्या धुळकट चपलांकडे पाहत थबकले.

“आइए न, मास्टर जी!” काकांनी आतून हाक दिली.

“नहीं, फिर आएँगे।”

ते पुन्हा काही आले नाहीत. दुसरं कुणीही नाही.

“ही माणसं आत का येत नाहीत?” मी वैतागून विचारलं.

“अरे, आत यायला माणसाला काहीतरी काम लागतं,” काका म्हणाले, आणि लगेच माझं मन राखायला, “सोफा मात्र झकास आहे हं.”

एका संध्याकाळी घरी परतलो तर काका समोरच्यांच्या पायरीवर एकटेच बसलेले. मला पाहताच चोरी पकडल्यासारखे उठले आणि हात हलवत मला गाडी आत घ्यायला मदत करू लागले. “येऊ दे, येऊ दे... बस.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी गाडी मी आतच लावली.

त्या थंडीत काका गेले. त्यांना ठेवायला जागा हवी म्हणून मी गाडी काढून गल्लीच्या टोकाला नेऊन लावली. गाडीच्या जागी सतरंजी अंथरली. अत्तरवाला, मास्तर, केळीवाला, सगळे येऊन बसले. बराच वेळ कुणी उठेना. तेरावं होईपर्यंत माणसं येत राहिली आणि गाडी तिकडेच राहिली. तिला साधा ओरखडासुद्धा आला नाही.